वादळात, गारपिटीत रेडिओ बंद काऊन पडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात आभाळ भरून आलं की मला तेच तेच प्रश्न येतात. कोणी व्हॉट्सॲपवर पाठवते, कोणी सेट दुरुस्तीला घेऊन येते तेव्हा विचारते. मी नागपुरात रेडिओ दुरुस्त करतो, त्याच्या आधी काही वर्षं एका ट्रान्समीटरवर, म्हणजे स्टेशनचा आवाज लहरींत बदलून हवेत सोडणाऱ्या मशीनवर, शिफ्ट केली. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवतो. प्रश्न तुमच्याच शब्दात ठेवले आहेत आणि जिथे उत्तर दुसरीकडे आलेलं आहे तिथे त्याचा नंबर दिला आहे.

१. वादळ आलं की रेडिओ बंद काऊन पडतो? तो तर हवेतून येतो नं, वायर कुठे आहे?

हवेतून येतो तो फक्त शेवटचा टप्पा. आधी स्टुडिओ, तिथून आवाज ट्रान्समीटरपर्यंत नेणारी लिंक म्हणजे केबल किंवा छोटी डिश, मग ट्रान्समीटर, मग टॉवरवरचा अँटेना, मग हवा आणि शेवटी तुमच्या घरातला सेट. हवेची काळजी करू नका, मीडियम वेव्ह (सेटवर MW किंवा AM लिहिलेला पट्टा) आणि एफएमला पावसाने फारसा फरक पडत नाही. बिघडते ते बाकीचं आणि त्यातही सगळ्यात आधी लाईट, कारण स्टुडिओलाही लाईट लागते, लिंकलाही लागते आणि ट्रान्समीटरला तर भरपूर लागते. झाडाची एक फांदी तारेवर पडली तरी स्टेशन गप्प होऊ शकते. माझ्या पाहण्यात आपल्याकडे टॉवर पडून स्टेशन बंद झालं असं एकदाही झालेलं नाही, लाईट जाऊन बंद पडलेलं मात्र मोजता येणार नाही इतक्यांदा पाहिलं.

२. नागपुरात कुठे बर्फाचं वादळ येते? मग हिवाळ्याचं एवढं काय?

बर्फाचं येत नाही, गारांचं येते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे पावसाळी हवेचे पट्टे, सरकतात आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे विदर्भात शिरतात, दोन्ही भेटले की ढग उंच चढतात आणि गारा पडतात. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर जी गारपीट झाली ती शेतकऱ्यांना अजून आठवते. काटोल-नरखेडकडे त्याच दिवसांत संत्र्याचा मृग बहार तोडणीला आलेला राहते आणि आंबियाचा फुलोरा झाडावर राहते, शेतात हरभरा कापून पडलेला राहते. म्हणून आपल्याकडे हिवाळ्यातला रेडिओ म्हणजे गाणीच नाहीत, दोन तास आधी मिळालेला इशारा आहे.

थंडीचं म्हणाल तर २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता, म्हणजे आपल्याकडे हाडं गोठवणारी थंडी, पण पाणी गोठायला शून्य लागते. तारांवर बर्फ जमायचं संकट आपल्याला नाही. तरी खूप जणांची मुलं कॅनडा-अमेरिकेत आहेत आणि त्यांच्या काळजीने प्रश्न येतात, ती उत्तरं ७ ते १० मध्ये आहेत.

३. आवाज आला नाही तर कसं ओळखायचं, स्टेशन बंद आहे की माझाच डब्बा खराब झाला?

हे नीट वाचा, अर्धे सेट माझ्याकडे उगाच येतात.

आधी कान द्या. एफएमवर स्टेशनच्या जागी मोठा 'फस्स्स' आवाज येऊन राहिला असेल, जसा दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी येतो, तर ट्रान्समीटरमधून काहीच निघत नाही आहे. तिथली लाईट गेली किंवा मशीन ट्रिप झाली. पण फस्स्स नाही, गाणं नाही, एकदम स्वच्छ शांतता आहे, रात्री विहिरीत वाकून पाहिल्यासारखी, तर ट्रान्समीटर चालू आहे आणि त्याच्यापर्यंत कार्यक्रम पोचत नाही आहे. म्हणजे स्टुडिओ किंवा लिंक गेली. अशा वेळी सेट बंद करू नका, कारण टॉवरवरची माणसं जागी असतात आणि बहुतेकदा तिथूनच काहीतरी लावून देतात. तिसरा प्रकार, जाडसर 'हूंऽऽ' असा घुमल्यासारखा आवाज. तो बहुतेक तुमच्याच ॲडॉप्टरचा राहते, सेलवर लावून पहा, गेला तर ॲडॉप्टर बदला.

मग दुसरं स्टेशन लावून पहा. आकाशवाणीचं ५८५ किलोहर्ट्झ आणि विविध भारतीचं १००.६ मेगाहर्ट्झ, एक मीडियम वेव्ह आणि एक एफएम, दोन्हीची सवय ठेवा. एकच स्टेशन गेलं असेल तर त्या स्टेशनचा प्रश्न. सगळे खाजगी एफएम एकदम गेले आणि मीडियम वेव्ह येऊन राहिलं, तर त्या टॉवरचा प्रश्न, कारण बऱ्याच शहरात खाजगी एफएमवाले एकाच टॉवरवर एकत्र बसलेले असतात. सगळंच गेलं तर आधी आपले सेल तपासा, मग उत्तर १७ वाचा.

एक सावधगिरी: नवीन डिजिटल सेट आणि गाडीतले स्टिरिओ सिग्नल नसला की स्वतःच आवाज बंद करतात, त्यांच्यावर फस्स्स येतच नाही. ही परीक्षा काटा फिरवायच्या साध्या सेटवर करायची.

४. मीडियम वेव्हवर कडकड होते आणि एफएमवर काहीच नाही, असं काऊन?

वीज चमकली की तिच्यातून सगळ्या प्रकारच्या लहरी निघतात, पण खालच्या फ्रिक्वेन्सीला जोर जास्त. मीडियम वेव्हमध्ये आवाज हा लहरीच्या उंचीत भरलेला राहते, वीज त्या उंचीत गडबड करते आणि सेट बिचारा ती गडबडही आवाज समजून वाजवतो. एफएममध्ये आवाज फ्रिक्वेन्सीच्या बदलात राहते आणि सेट उंचीतली गडबड कापून टाकतो.

ही कडकड कामाची आहे. ५४० च्या आसपास जिथे स्टेशन नाही तिथे काटा ठेवा, दूरची वीज असली तर मधूनमधून बारीक 'चर्र' येते, ढग जवळ आला की 'कड्!' असा झटका येते आणि झटके पटापट यायला लागतात. आभाळात काही दिसायच्या आधी हे ऐकू येते. माझे वडील शेतात असताना असंच करायचे, बांधावर रेडिओ ठेवलेला आणि झटके वाढले की सगळ्यांना झाडाखालून उठवून घराकडे काढायचे. आता विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, ते ठेवाच, पण नेट गेलं की हा उपाय आठवा.

५. वीज कडाडली की ५८५ अर्ध्या सेकंदासाठी गायब होते आणि परत येते. बिघाड आहे का?

नाही, ती सुरक्षा आहे. मीडियम वेव्हचा अख्खा लोखंडी टॉवरच अँटेना राहते. ५८५ ची एक लहर जवळपास ५१३ मीटर लांब आहे, तिला त्या मानाने उंच टॉवर लागतो आणि उंच टॉवर विजेला आवडतो. असा टॉवर चिनी मातीच्या मोठ्या इन्सुलेटरवर उभा करतात आणि बाजूला दोन धातूचे गोळे समोरासमोर ठेवतात, मधे थोडी फट. वीज आली की त्या फटीतून उडी मारून जमिनीत जाते. तेवढ्या क्षणापुरता ट्रान्समीटर स्वतःला बंद करतो आणि लगेच परत उठतो. लागोपाठ फार झटके बसले तर मात्र मशीन पूर्ण बंद होऊन बसते, मग माणसाला जाऊन रीसेट करावं लागते आणि तुम्हाला दोन-पाच मिनिटं काही ऐकू येत नाही.

६. मोठ्या स्टेशनला जनरेटर राहते नं? मग लाईट गेल्यावर बंद काऊन पडते?

जनरेटर राहते, त्याला आम्ही डीजी म्हणतो. लाईट गेली की यूपीएस काही मिनिटं धरून ठेवते, तेवढ्यात डीजी उठला पाहिजे आणि लोड त्याच्यावर गेला पाहिजे. कागदावर काही सेकंदांचं काम. प्रत्यक्षात अडते ती स्टार्टरची बॅटरी. नागपूरचा उन्हाळा बॅटरी खातो, पत्र्याच्या खोलीत ४५ अंशात दोन उन्हाळे काढलेली बॅटरी मे महिन्यातच मेलेली राहते, आपल्याला कळते फेब्रुवारीत, वादळाच्या रात्री.

मी ज्या ठिकाणी शिफ्टला होतो तिथे हेच झालं, नाव सांगत नाही. रात्री नऊची वेळ, पत्र्यावर गारा अशा पडून राहिल्या होत्या की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. लाईट गेली, यूपीएसची शिट्टी सुरू झाली. मी डीजीची किल्ली फिरवली, आतून फक्त 'टक्'. परत फिरवली, परत 'टक्'. यूपीएसने वीसेक मिनिटं काढली, मग पॅनलवरचे दिवे विझले आणि ट्रान्समीटरच्या ब्लोअरचा आवाज खाली खाली येत थांबला. तो ब्लोअर थांबल्यावर खोलीत जी शांतता होते ती मी विसरू शकत नाही, कारण मला माहीत होतं की त्या वेळेला किती घरांत लोक रेडिओला कान लावून बसले आहेत. बाजूच्या शेतातल्या दादांनी स्वतःच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली, आम्ही दोघांनी ती चिखलातून धरून आणली, जंपर लावला आणि डीजी उठला. पाऊण तास स्टेशन बंद होतं. सांगायचं एवढंच होतं की कापलेला हरभरा झाका आणि जनावरं आत घ्या. नंतर कळलं, बॅटरी बदलायची फाईल चार महिन्यांपासून टेबलावर पडून होती.

म्हणून कोणी स्टेशन चालवत असेल, छोटं असो मोठं असो, हात जोडून सांगतो, डीजी दर आठवड्याला लोडवर चालवून पहा. नुसता सुरू करून बंद केला तर काही कळत नाही.

७. माझा मुलगा टोरंटोला आहे, तिथे तर सगळं तयार असते म्हणतात, तरी बर्फवादळात रेडिओ जाते का?

जाते. जिथे थंडी रोजची आहे तिथेही. साध्या बर्फापेक्षा त्यांना भीती गोठणाऱ्या पावसाची. वर हवेचा थर गरम आणि जमिनीजवळचा शून्याखाली, अशी उलटी रचना झाली की पाऊस पाणी म्हणूनच पडतो आणि तार, फांदी, टॉवर ज्याला लागेल त्यावर काचेसारखा गोठतो. करंगळीएवढी जाड, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरची तार घ्या, तिच्याभोवती सगळीकडून अडीच सेंटिमीटर बर्फ बसला तर मीटरमागे जवळपास अडीच किलो वजन होते, लोखंडाची ती तार स्वतः मीटरला पाऊण किलोसुद्धा नाही. शंभर मीटरला अडीचशे किलो. कोणता खांब धरेल?

१९९८ च्या जानेवारीत पूर्व कॅनडात असा पाऊस सहा-सात दिवस थांबून थांबून पडला. क्विबेकमध्ये विजेचे हजारावर लोखंडी मनोरे आडवे झाले, ४० लाखांवर लोक अंधारात गेले आणि काही भागात महिनाभर लाईट आली नाही. टीव्ही बंद, गरम पाणी बंद, अशा घरांत सेलवरचा रेडिओ कामाला आला. मुलाला विचारा, त्याच्या घरात सेलचा रेडिओ आहे का. बहुतेक नसेल.

८. बर्फाने खरंच टॉवर पडतो का?

क्वचित, पण पडतो. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला एमली मूर इथला ३८५ मीटर उंच टीव्हीचा मास्ट, म्हणजे तारांनी ताणून उभा ठेवलेला टॉवर, १९ मार्च १९६९ ला संध्याकाळी कोसळला. ताणाच्या तारांवर बर्फ जमलेला होता, आणि चौकशीत निघालं की वारा तुफान नव्हताच, मंद आणि एकसारखा होता, त्यानेच मास्टला लयीत झुलवत नेलं. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. तिथे नंतर काँक्रीटचा मनोरा बांधला, तो अजून उभा आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटात ६२८ मीटरचा टीव्ही टॉवर ६ एप्रिल १९९७ ला बर्फवादळात गेला, एप्रिलमध्ये बरं का, जेव्हा आपल्याकडे कूलर काढतात. आपल्याकडे टॉवरला भीती वाऱ्याची आणि गंजाची.

९. टॉवर उभा आहे, लाईट आहे, तरी एफएमचा आवाज बारीक झाला असं मुलगी सांगते. हे कसं?

एफएमचा अँटेना मोजून मापून कापलेला राहते. त्याच्यावर बर्फाचा थर चढला की माप बदलल्यासारखं होते आणि वर पाठवलेली पॉवर हवेत न जाता परत मशीनकडे यायला लागते. मशीन जळू नये म्हणून ट्रान्समीटर स्वतःची पॉवर कमी करतो, फारच परत आली तर बंद होतो. म्हणून स्टेशन जाते ते हळूहळू, आधी दूरच्या गावांचं, मग जवळचं. तिकडे अँटेनाला हीटर लावतात नाहीतर फायबरचं आवरण घालतात. हीटरला परत लाईट लागतेच. आणि ऊन निघाल्यावर धोका संपत नाही, वरून सुटलेले बर्फाचे तुकडे खालच्या डिशवर आणि केबलवर पडतात, त्यामुळे वादळात टिकलेलं स्टेशन दुसऱ्या दिवशी स्वच्छ उन्हात बंद पडू शकते.

डिझेलचंही ऐकून ठेवा. थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठते आणि फिल्टर चोक होते, आपल्या लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल काढलं ते याचसाठी. टाकीत डिझेल आहे पण इंजिनपर्यंत पोचत नाही, असंही होऊ शकते.

१०. आमचे जावई डलासला आहेत, २०२१ मध्ये फार हाल झाले त्यांचे. त्यांनी कोणता रेडिओ घ्यावा?

फेब्रुवारी २०२१ ला टेक्सासमध्ये वीज बनवणारी केंद्रं आणि गॅसच्या लाईनीच थंडीने अडकल्या, ४५ लाखांच्या आसपास घरं आणि दुकानं अंधारात गेली. त्यांना सांगा, अमेरिकेत सरकारी हवामान रेडिओ वेगळा आहे, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर, दिवसरात्र हवामान आणि आणीबाणीचे इशारे. साध्या एफएम सेटवर तो लागत नाही, त्यासाठीचा सेट वेगळा मिळतो, इशारा आला की स्वतः वाजतो. हँडल फिरवून चार्ज होणारा घेतला तर अजून चांगलं. शिवाय तिकडे ७७ मोठी स्टेशनं अशी ठरवलेली आहेत की आणीबाणीत ती चालूच राहिली पाहिजेत, त्यांना सरकारने जास्तीचं डिझेल आणि सामान दिलेलं आहे. आपल्या भागाचं असं स्टेशन कोणतं हे एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावून ठेवायचं.

११. मोबाईलवर ॲप आहे, न्यूजऑनएअरवर आकाशवाणी लागते. मग डब्बा कशाला सांभाळायचा?

ॲप चांगलं आहे, मी पण ऐकतो. पण मोबाईलचा टॉवरही लाईटवर चालतो, लाईट गेली की बॅटरीवर काही तास आणि मग तोही बंद. शिवाय वादळात सगळे एकदम फोन लावतात, नेट रांगायला लागते. रेडिओला गर्दी कळत नाही, एकाने ऐकलं काय आणि दहा लाखांनी ऐकलं काय, ट्रान्समीटरला सारखंच. दोन्ही ठेवा.

१२. फोनमध्येच एफएम आहे, ते चालेल का?

चालेल, नेट लागत नाही, पण वायरचा इअरफोन लावावा लागते कारण ती वायरच अँटेना आहे, ब्लूटूथवाला चालत नाही. खूप नवीन फोनमध्ये ही सोय काढून टाकली होती, एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना सांगितलं की एफएम चालू ठेवा, आणीबाणीत लागते. तुमच्या फोनमध्ये आहे का ते आजच पहा. पण फोनची बॅटरी बोलायला वाचवा, ऐकायला डब्बा बरा.

१३. मग घरी कोणता सेट ठेवू आणि सेलचं काय?

महागाचा नको. मीडियम वेव्ह आणि एफएम दोन्ही असलेला, बाजारात कुठेही मिळणाऱ्या सेलवर चालणारा. फक्त चार्जिंगवाला घेऊ नका, तीन दिवस लाईट नसली तर चार्ज कुठे करणार? मोठे सेल टाकायचे असले तर उत्तमच, कमी आवाजात खूप दिवस जातात. सेल सेटमध्ये घालून वर्षभर ठेवू नका, पाणी सुटून पट्ट्या हिरव्या होतात, माझ्याकडे येणाऱ्या सेटमध्ये हा रोग सगळ्यात जास्त. नवीन सेल पाकिटातच ठेवा, पाकीट रबरने सेटला बांधा. मागच्या महिन्यात हिंगण्याच्या एक आजी सेट घेऊन आल्या, यजमानांचा होता म्हणाल्या, आतल्या पट्ट्या शेवाळ्यासारख्या झालेल्या. पॉलिश पेपरने घासल्या, एक पट्टी बदलली, सेल टाकले आणि सकाळच्या बातम्या लागल्या. त्या उठल्याच नाहीत, बातम्या संपेपर्यंत तिथेच बसून ऐकलं.

१४. वादळ सुरू आहे आणि आवाज नीट नाही, गच्चीवर जाऊन अँटेना फिरवू का?

नाही, बिलकुल नाही. वीज कडाडत असताना गच्ची नको, लोखंडी शिडी नको, बाहेरच्या अँटेनाची वायर हातात नको. ॲडॉप्टरचा प्लगही काढून ठेवा आणि सेलवर ऐका. आत बसून मीडियम वेव्हसाठी पूर्ण सेट गोल फिरवा, त्याचा अँटेना आतल्या फेराइट दांडीत राहते, बाहेरची काडी फक्त एफएमची. शेवटचा कडकडाट झाल्यावर अर्धा तास थांबा, मगच बाहेर.

१५. थंडीच्या रात्री आमच्या स्टेशनच्या जागी भलतीच भाषा ऐकू येते. स्टेशन बंद पडलं का?

असेलच असं नाही. सूर्य मावळला की वरच्या आभाळातला जो थर दिवसा मीडियम वेव्ह पिऊन टाकतो तो विरतो, मग लहरी वरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. हिवाळ्याची रात्र मोठी म्हणून हे जास्त वेळ चालते. याचाच फायदा घेऊन १९८८ मध्ये आकाशवाणीने राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून सुरू केली होती, १५६६ किलोहर्ट्झवर, देशाच्या मधोमध बसून रात्रभर सगळीकडे पोचायचं. आता ती बंद झाली.

पण आपलं स्टेशन खरंच बंद पडलं तरी हेच होते, मोकळ्या जागेत दूरचा पाहुणा येऊन बसतो. फरक ओळखायचा तर सेट फिरवा. मागे आपलं मराठी बारीक का होईना येत असेल तर स्टेशन चालू आहे.

धुक्याच्या सकाळी एफएमवरही असं होते, जमिनीजवळ थंड आणि वर गरम हवा असली की दूरच्या शहराचं एफएम येते आणि ऊन चढलं की जाते.

१६. स्टेशन चालू आहे, गाणी लागली आहेत, पण बाहेर गारा पडून राहिल्या आणि ते काहीच सांगत नाहीत. त्यांना परवानगी नाही का?

आहे. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत हे खरं, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण हवामान, रस्ते बंद, लाईट-पाणी बंद, नैसर्गिक आपत्तीचा इशारा हे बातम्यांत धरत नाहीत, ते सांगता येते. मग गप्प काऊन? बहुतेकदा रात्री स्टुडिओत माणूसच नसतो, कॉम्प्युटर गाणी लावतो. मला हे मनापासून खटकते. टॉवर उभा, डीजी चालू, डिझेल भरलेलं आणि बोलायला माणूस नाही, तर ते स्टेशन ऐकणाऱ्यासाठी बंदच आहे. अशा वेळी आकाशवाणी लावा, किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर विचारा. लाईटच्या तक्रारीला १९१२.

छोट्या कम्युनिटी रेडिओचं उलटं. त्यांना सहसा १०० वॅटच्या वर आणि अँटेनाला ३० मीटर उंचीच्या वर परवानगी नाही, आवाज काही किलोमीटरच जाते, डीजीही कधीकधी नसते, म्हणून ते लवकर बंद पडतात. पण चालू असले तर गावातल्या कोणत्या नाल्याला पूर आला हे तेच सांगतात.

१७. आमच्याकडेच लाईट गेली की मीडियम वेव्ह बंद पडते, भावाकडे कामठीला चालू राहते. म्हणजे स्टेशन आमच्याकडे कमी पाठवते का?

स्टेशन सगळ्यांना सारखंच पाठवते. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे का ते पहा. लाईट गेली की इन्व्हर्टर सुरू होते आणि स्वस्तातल्या इन्व्हर्टरमधून मीडियम वेव्हवर इतकी घरघर निघते की तिच्याखाली स्टेशन दबून जाते, तुम्हाला वाटते बंद पडलं. काही एलईडी बल्बही असंच करतात. करून पहा: सेट सेलवर लावा, इन्व्हर्टर दोन मिनिटं बंद करा. आवाज परत आला तर चोर सापडला. मग रेडिओ इन्व्हर्टरपासून लांबच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवायचा आणि घरघर कमीत कमी होईपर्यंत हळूहळू फिरवायचा. एवढं करूनही आलं नाही तर सेट घेऊन या, पण सेल काढून आणा.